राणी एमा: दोन राजांची पत्नी, दोन राजांची आई



इंग्लंडचा इतिहास म्हटलं की आपली गाठ थेट १०६६ शी पडते. नॉर्मंडीचा विल्यम आला, हेस्टिंग्जची लढाई जिंकला, राजा झाला. पण इंग्लंडच्या गादीशी त्याचं नातं जुळलं कुठून? त्याच्या आजोबांच्या बहिणीमुळे. तिचं नाव एमा.

१००२ साली नॉर्मंडीच्या ड्यूकची ही बहीण इंग्लंडच्या एथेलरेड राजाला दिली. डेन लोकांची जहाजं इंग्लंड लुटून नॉर्मंडीच्या बंदरांत आसरा घेत. सोयरीक झाली की ती दारं बंद होतील, हा हिशेब. लग्नानंतर तिचं नाव बदलून एल्फगिफू ठेवलं. सासरी नाव बदलण्याची रीत आपल्याला काही नवी नाही.

हिशेब मात्र फसला. १०१३ मध्ये डेन राजा स्वेननं देश घेतला आणि एमानं माहेर गाठलं. पुढे एथेलरेडला गादी परत मिळाली, पण १०१६ मध्ये तो वारला आणि स्वेनचा मुलगा कन्यूट राजा झाला. वर्षभरात, १०१७ मध्ये, एमानं त्याच्याशीच लग्न केलं. एडवर्ड आणि आल्फ्रेड हे पहिल्या घरचे मुलगे नॉर्मंडीत आजोळी वाढले. कन्यूटला आधीची एक बायको होती, तिचंही नाव एल्फगिफू! सवतीच्या मुलांना गादी मिळू नये, हे एमाचं पुढचं सगळं राजकारण.

१०३५ मध्ये कन्यूट गेला. एमाचा त्याच्यापासूनचा मुलगा हार्थाकन्यूट डेन्मार्कमध्ये अडकून पडला आणि इकडे सवतीच्या हॅरॉल्डनं सत्ता बळकावली. १०३६ मध्ये आल्फ्रेड इंग्लंडला आला, पकडला गेला, त्याचे डोळे काढले. त्यातच तो ईलीला मेला. पुढच्या वर्षी एमाला देश सोडून फ्लँडर्समधल्या ब्रूजला जावं लागलं. हॅरॉल्ड १०४० मध्ये वारला, तेव्हा हार्थाकन्यूटबरोबर ती परतली.

परतल्यावर तिनं जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. फ्लँडर्समधल्या एका भिक्षूकडून तिनं लॅटिनमध्ये आपली प्रशस्ती लिहवून घेतली. आरंभीच्या चित्रात एमा सिंहासनावर बसली आहे, भिक्षू गुडघे टेकून पुस्तक देतो आहे आणि कडेला दोन मुलगे डोकावताहेत. आता ग्रंथ वाचा. एथेलरेडचं नाव कुठेही नाही! चौदा वर्षांचा संसार गाळून टाकला. हॅरॉल्ड हा कन्यूटचा मुलगाच नव्हे, दासीचं पोर आणून ठेवलं होतं, असा आरोप आहे. आणि एडवर्ड-आल्फ्रेडला इंग्लंडला बोलावणारं एमाच्या नावाचं पत्र? ते म्हणे हॅरॉल्डनं बनावट तयार केलं. हे पत्र खुद्द एमानंच धाडलं असावं, अशी काही इतिहासकारांना शंका आहे. मलाही ती पटते. ज्या पत्रामुळे मुलगा गेला, ते आपलं नव्हे असं ठासून सांगण्याची गरज कुणाला पडते?

१०४२ मध्ये हार्थाकन्यूट अचानक वारला आणि एडवर्ड राजा झाला. हार्थाकन्यूटच्या काळात लिहिलेल्या ग्रंथाचा शेवट आता अडचणीचा. २००८ मध्ये या ग्रंथाची आणखी एक प्रत उजेडात आली. तिच्यात शेवट बदलून एडवर्डची स्तुती घातलेली आहे.

पण या स्तुतीनं एडवर्डचं समाधान झालं नाही. १०४३ च्या नोव्हेंबरात तीन बड्या सरदारांना घेऊन तो, एमा राहत होती त्या विंचेस्टरला चालून आला आणि आईचं सोनं, चांदी, जडजवाहीर उचलून नेलं. आई आपल्याशी कठोर वागली, आपल्यासाठी तिनं फारसं काही केलं नाही, अशी त्याची तक्रार इंग्लंडच्या बखरीत नोंदली आहे. तक्रार खोटी म्हणवत नाही. पण एका विधवा राणीचा खजिना ताब्यात घ्यायला राजाला जातीनं यावं लागलं, यावरून तिचं वजन कळतं. पुढे तिला विंचेस्टरमध्ये राहू दिलं. १०५२ च्या ६ मार्चला ती वारली. कन्यूटशेजारीच तिला पुरलं.

एडवर्ड निपुत्रिक गेला. मग एमाच्या भावाचा नातू तिच्या नात्यानं हक्क सांगत जहाजं घेऊन आला. डेन लोकांना अडवण्यासाठी केलेल्या सोयरिकीनं इंग्लंडला अखेर नॉर्मन राजा दिला. आई म्हणून एमाला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. राजकारणात मात्र तिच्या तोडीची राणी त्या शतकात इंग्लंडनं पाहिली नाही, असं माझं मत आहे.