कोपीतलं तान्हं बाळ आणि देशाचं आयुर्मान

दिवाळी सरली की गेवराई तालुक्यातल्या गावांतून, तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या गाड्या निघतात. कोयता, भांडीकुंडी, पांघरुणं आणि कडेवर तान्हं मूल. पुढचे महिने मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत.

अशा तान्ह्या मुलांच्या जगण्याशी देशाचं आयुर्मान जोडलेलं असतं. आशियात जपानचं सरासरी आयुर्मान सुमारे 84 वर्षं, भारताचं 70च्या आसपास. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं आयुर्मान जेमतेम 32 होतं. म्हणजे तेव्हा सगळेच तिशीत जायचे असं नव्हे. असंख्य मुलं पाचव्या वर्षाआधीच दगावत आणि सरासरी खाली ओढली जाई.

हे मृत्यू टाळता येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

कोपीतल्या बाळापर्यंत मात्र अशी काळजी पोहोचत नाही; ऊसतोडीच्या हंगामात त्याची लस हुकते. ती कोपीपर्यंत पोहोचायलाच हवी.