खट्ट आवाज आला, तर आधी कान द्या



आज मी पापड-लोणच्याचं बोलणार नाही आणि शिवणाचंही नाही. गाडीच्या पुढच्या चाकापाशी होणाऱ्या एका आवाजाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हे तर गॅरेजवाल्याचं काम. मलाही तसंच वाटायचं. त्या वाटण्यापायी आमच्या गटाचे साडेसात हजार रुपये गेले, म्हणून आज इथं बसले आहे.

2017 साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली, तेव्हापासून बचत गटांच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या. आमच्या गटाची मात्र जुनी व्हॅन आहे, गटाच्याच कर्जातून घेतलेली. ती मी चालवते. सकाळी शाळेच्या मुली, दुपारी दवाखान्याला जाणारी माणसं आणि सोमवारी बाजार. गाडी एक दिवस उभी राहिली तर तेवढ्या बायकांची कामं अडतात, आणि हप्ता काही थांबत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर गाडीत आवाज सुरू झाला. गतिरोधकावरून हळू उतरलं की डावीकडून खट्ट. मी तालुक्याच्या एका गॅरेजात गेले, म्हणाले, "आवाज येतोय, बघा जरा." त्यांनी गाडी दोनदा दाबून पाहिली. म्हणाले, "ताई, शॉकअप गेलेत. दोन्ही बदला." बदलले. घरी येताना पहिल्याच गतिरोधकावर पुन्हा तोच खट्ट! महिन्याच्या बैठकीत हिशेब सांगायला उभी राहिले तेव्हा मान वर होईना.

चूक कुणाची? गॅरेजवाल्यानं अंदाजानं काम केलं हे खरं. पण मी तरी काय सांगितलं होतं? दवाखान्यात जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटलं, कुठं आणि कधी ते सांगितलं नाही, तर डॉक्टर काय औषध देणार? पुढं मला एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी पान्याला हातही न लावता आधी मला चार प्रश्न विचारले. ते चार प्रश्न मी आज तुम्हाला देते. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

त्याआधी आवाज का होतो ते समजून घेऊ. खुरप्याची मूठ ढिली झाली की प्रत्येक घावाला हाताला खट् जाणवतं. मूठ घट्ट असेल तर जाणवत नाही. गाडीचंही तसंच. पुढचं चाक वर-खाली व्हायला हवं आणि वळायलाही हवं, म्हणून ते बऱ्याच सांध्यांवर बसवलेलं असतं. चाकाला खालून धरतो तो लोअर आर्म. गाडीचं वजन तोलते ती स्प्रिंग, आणि तिची उसळी आवरतो तो शॉकअप. स्टेअरिंग फिरवलं की चाक वळवतो तो टाय रॉड. वळणावर गाडी कलू नये म्हणून खाली एक आडवा दांडा असतो, त्याला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी कांडी म्हणजे लिंक रॉड. या सांध्यांत कुठं रबराचे बुश असतात, कुठं वाटीत गोळा बसवावा तसे बॉल जॉइंट. रबर फाटलं किंवा गोळा झिजला की फट पडते. चाक खड्ड्यात गेलं की त्या फटीत लोखंड लोखंडावर आदळतं. तोच आपला खट्ट.

आता पहिलं काम घरचं. गाडी रिकामी करा. सीटखालचा जॅक, पाने, स्टेपनी, पाण्याचा कॅन, सगळं एक तर काढा नाही तर घट्ट बांधा. बॅटरीची पट्टी ढिली आहे का बघा. चाकाचे नट पान्यानं तपासा. मग त्याच रस्त्यानं हळू एक फेरी मारा. शेजारी एकीला बसवा, खिडक्या उघड्या ठेवा. चालवणारीनं रस्ता बघायचा, ऐकण्याचं काम दुसरीचं.

फेरी मारताना चार प्रश्नांची उत्तरं शोधायची.

पहिला प्रश्न : बारीक खडबडीत रस्त्यावर हळू जाताना आवाज येतो का? सारखं खट्खट् खट्खट् होत असेल, तर बहुतेक वेळा लिंक रॉडवर संशय घ्यावा.

दुसरा : ब्रेक दाबताना किंवा गाडी सुटताना एकदाच मोठा खट्ट येतो का? पुढं-मागं घेताना येतो का? तर लोअर आर्मचे बुश बघायला सांगा.

तिसरा : खडबडीत रस्त्यावर ब्रेकवर नुसता हलका पाय ठेवला की आवाज बंद होतो का? तसं असेल तर ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपर ढिले असू शकतात.

चौथा : स्टेअरिंग वळवताना येतो का? गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावर वर, स्प्रिंगच्या टोकाशी टंग् होत असेल, तर शॉकअपचं वरचं माउंटिंग तपासावं. इंजिनचा जोर पुढच्या चाकांना असलेल्या गाडीत पूर्ण वळण घेताना टक टक टक येत असेल, तर ॲक्सलचा जॉइंट बघावा.

आणि शॉकअप कधी गेला म्हणायचा? त्यावरून तेल ओघळलेलं असेल, किंवा गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावरही झोपाळ्यासारखी हेलकावत राहिली, तर. आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. हे मला आधी माहीत असतं, तर साडेसात हजार वाचले असते.

ज्यांच्या टेम्पोला पुढं स्प्रिंगऐवजी पाटे आहेत, त्यांनी पाट्याच्या टोकाचे बुश, यू-बोल्ट आणि किंगपिन बघायला सांगायचं.

त्या मिस्त्रींनी माझी उत्तरं ऐकली. गाडी जमिनीवर उभी असतानाच खाली हात घालून लिंक रॉड हलवला. डावा खुळखुळत होता. खात्री करायला त्यांनी दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडले आणि स्वतः गाडी हळू थोडी फिरवून आणली. आवाज गेला. मग नवीन जोडी बसवली. मजुरीसकट बाराशे रुपये झाले. आधी खात्री, मग खर्च, हे मी त्या दिवशी शिकले.

आता नीट ऐका, कारण पुढचं पैशाचं नाही, जिवाचं आहे. बहुतेक खट्ट आवाज चार दिवस थांबू शकतात. काही एक फेरीसुद्धा थांबू शकत नाहीत. आवाजाबरोबर स्टेअरिंग ढिलं लागत असेल, गाडी आपोआप एका बाजूला ओढत असेल, चाक वाकडं दिसत असेल, किंवा टायर एकाच कडेला झिजला असेल, तर गाडी तिथंच उभी करायची. लोअर आर्मचा बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं. टाय रॉडचा जॉइंट सुटला तर स्टेअरिंग फिरवूनही ते चाक वळत नाही.

याची तपासणी मिस्त्रीकडून अशी करून घ्या. सपाट जागी, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचं चाक जॅकनं उचलायचं आणि स्टँड लावायचा. चाक वर आणि खाली धरून हलवलं आणि खळखळ जाणवली, तर दोष बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. तेव्हा दुसऱ्यानं ब्रेक दाबून धरायचा. खळखळ थांबली तर बहुधा बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खळखळलं, तर टाय रॉडचा जॉइंट किंवा स्टेअरिंगचा रॅक. आणि एक कायम लक्षात ठेवा : नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. जॅक सरकायला क्षण पुरतो.

हे मी का सांगते? यंदा उन्हाळ्यात एका संध्याकाळी परत येताना पुन्हा खट्ट आला, आणि या वेळी स्टेअरिंग हातात सैल वाटलं. मी गाडी अंगणात लावली आणि किल्ली खुंटीला अडकवली. त्याच रात्री अकरा वाजता शेजारच्या वस्तीवरची सासू दारात आली. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. म्हणाली, "अगं, घाटापर्यंतच तर जायचंय, हळू चालव." माझे हात कापत होते. नाही म्हणणं किती जड जातं, तुम्हाला ठाऊक आहे. मी नाही म्हटलं. 108 ला फोन लावला, आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिच्यापाशी बसून राहिले. नीट पोहोचली, मुलगी झाली. मला मात्र दोन दिवस वस्तीवर बोलणी बसली, की गटाची गाडी असून उपयोग काय.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आले. चाक उचललं आणि हलवलं. बॉल जॉइंट एवढा खुळखुळत होता, की त्यांनी त्या सासूलाच बोलावून हात लावून बघायला सांगितलं. ती काही बोलली नाही. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली.

शेवटी गॅरेजात बोलायच्या चार गोष्टी. "शॉकअप बदला" असं आपण होऊन म्हणू नका. आवाज कधी, कुठून आणि काय केल्यावर येतो ते सांगा. "कुठला सांधा ढिला आहे, मला हलवून दाखवा" म्हणा. जुना पार्ट परत मागा. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. लोअर आर्म किंवा टाय रॉडचं काम झालं, की अलाइनमेंट करून घ्या.

आमच्या गाडीत आता एक वही असते. कुठल्या तारखेला, कुठल्या रस्त्यावर, कसा आवाज आला, ते त्यात लिहितो. पुढच्या बैठकीत तुमच्याही गाडीची अशी एक वही सुरू करा.

सावकाश चालवा.