लाल बावट्याचं मत

निवडणूक लागली की वसमतच्या हळदीच्या मोंढ्यात असो की कळमनुरीच्या बसस्थानकावर, एक वाक्य ऐकू येतंच : "माणूस चांगला आहे हो, पण लाल बावट्याला मत देऊन वाया कशाला घालवायचं?"

आपल्या हिंगोलीच्या भागाला लाल बावट्याचे डावे पक्ष नवे नाहीत. 1952 साली मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि आजचा हिंगोली जिल्हा परभणीत. त्या पहिल्या निवडणुकीत मार्क्सवाद मानणाऱ्या शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे परभणीतून लोकसभेवर गेले. हैदराबाद विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले कम्युनिस्ट व्ही. डी. देशपांडे. निजामी अंमलाच्या आठवणी ताज्या होत्या. कसणाऱ्याला जमीन, ही मागणी कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती. पुढे कूळकायद्यानं काही जमिनी कुळांच्या झाल्या, शेतकरी कामगार पक्षाचे नेते जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले आणि डाव्यांची मतं पांगली.

पांगलेल्या मतांना आपल्या निवडणूक पद्धतीत मोल नाही. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत, तर हरलेल्याची अनामतही जाते. तीच मतं एका तालुक्यात एकवटली तर आमदार होतो. 2024 मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा राज्यात एकच आमदार निवडून आला, डहाणूचे विनोद निकोले. त्या भागात 1945 पासून, गोदावरी परुळेकरांनी वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं तेव्हापासून, कम्युनिस्टांच्या किसान सभेचं काम चालू आहे. वनजमिनीचा प्रश्न आणि संघटना, दोन्ही पाड्यापाड्यांत आहेत.

थोडी मतं नेहमीच निरुपयोगी ठरतात, असंही नाही. 2014 मध्ये हिंगोली लोकसभेचा निकाल अवघ्या 1,632 मतांनी लागला. अशा चुरशीत लहान पक्षाच्या दारात मोठे पक्ष येतात. तेव्हा त्यानं काय मागायचं? एखादं पद, की कळमनुरी-किनवटच्या आदिवासींच्या वनहक्क दाव्यांचा निकाल, सोयाबीनला हमीभाव, पीकविम्याची थकलेली भरपाई?

म्हणून लाल बावट्याचा उमेदवार दारात आला, तर तो निवडून येईल का, हे मागाहून विचारा. आधी विचारा, गेल्या पाच वर्षांत तहसील कचेरीवर आमच्यासोबत किती वेळा धरण्याला बसलात? उत्तर पटलं, तर हरणाऱ्यालाही खुशाल मत द्या. नाही पटलं, तर झेंड्याच्या रंगावर जाऊ नका.