बाटलीत उरलेले काय?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सेंद्रिय कपाशीवर फवारायला आपण कृषी केंद्रातून निंबोळीचे औषध आणतो. बाटलीवर लिहिलेले असते, ॲझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. हिशेब करा. एक किलो औषधात अळीवर काम करणारा घटक दीड ग्रॅम. मग उरलेले ९९८.५ ग्रॅम काय?

निंबोळीचे तेल असेल तर तक्रार नाही. पण तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून एक द्रव्य घालतात. अर्क विरघळावा म्हणून दुसरे, पानाला चिकटावा म्हणून तिसरे, टिकावा म्हणून चौथे. यांना म्हणतात निष्क्रिय घटक. निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी नव्हे. किडीवरचे मुख्य काम त्याचे नाही, एवढाच अर्थ. या शब्दाने लोकांचा गैरसमज होतो म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९७ साली कंपन्यांना सुचवले, लेबलवर 'इतर घटक' असे लिहा.

अमेरिकेचे पुराण इथे कशाला, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. आपल्या देशातल्या सेंद्रिय तपासणीला अमेरिकेने दिलेली मान्यता जानेवारी २०२१ मध्ये काढून घेतली. जुलै २०२२ पासून तिकडे सेंद्रिय म्हणून माल विकायचा, तर त्यांच्याच नियमाने प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यांचा नियम आता आपल्या बांधावर आला आहे.

तो नियम कसा झाला पाहा. १९८७ मध्ये पर्यावरण खात्याने या घटकांच्या धोक्याप्रमाणे चार याद्या केल्या. २००२ मध्ये लागू झालेल्या सेंद्रिय नियमांनी सांगितले, चौथ्या म्हणजे सर्वांत कमी काळजीच्या यादीतले घटक चालतील. कामगंधाच्या ल्यूरमध्ये तिसऱ्या यादीतलेही चालतील. पण त्या याद्यांत शेवटची दुरुस्ती झाली २००४ मध्ये. खात्याने पुढे त्या वाऱ्यावर सोडल्या, आणि सेंद्रियचा नियम मात्र त्यांनाच बांधलेला राहिला. २००४ नंतर जे नवे कळले, ते यादीत शिरणार कुठून? २०२२ मध्ये त्यांच्या कृषी खात्यालाच जाहीर विचारणा करावी लागली, की यादीऐवजी आता काय करावे?

यादी कुणाचीही असो, भुर्दंड आपला. वर्ज्य द्रव्य रानात पडले, तर त्या नियमाने शेवटच्या फवारणीपासून तीन वर्षे त्या रानाचा माल सेंद्रिय धरत नाहीत. चूक कारखान्याची, तीन वर्षे मात्र आपली.

कंपनी म्हणते, हे आमचे व्यापारी गुपित. ठेवा गुपित! पण ज्याने प्रमाणपत्रासाठी तीन वर्षे कळ काढली, त्याच्या प्रमाणीकरण संस्थेपाशी तरी पूर्ण यादी द्या. आपल्याकडच्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही सक्रिय आणि इतर घटकांची नावे व प्रमाण लेबलवर देण्याची तरतूद आहे. नुसते 'इमल्सिफायर' लिहून भागणार नाही. कोणता, ते सांगा.

यंदाच्या हंगामापासून आपण तीन गोष्टी करू. एक, फवारणीआधी त्या औषधाला प्रमाणीकरण संस्थेची लेखी परवानगी घ्यायची. दुकानदाराच्या तोंडी ग्वाहीवर पंप भरायचा नाही. दोन, पावती आणि लेबल गटाच्या वहीला जोडून ठेवायचे. तीन, जमेल तेवढा अर्क घरी करायचा. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, दोनशे ग्रॅम साबण विरघळवून घाला आणि शंभर लिटर करा. हा झाला पाच टक्के अर्क. यातला साबण हाही 'इतर घटक'च आहे, म्हणून कोणता साबण चालतो तेही आधी विचारून घ्या. धुण्याची पावडर ओतू नका.

निंबोळ्या पावसाच्या तोंडावर गळतात. बांधावरच्या झाडाखालच्या वेळेवर गोळा केल्या, तर त्या अर्कात काय आहे हे आपल्याला कुणाला विचारावे लागणार नाही. आणि विकत घेतलेल्या बाटलीबद्दल मात्र प्रत्येक गावाने विचारलेच पाहिजे, उरलेले काय?