डाळ शिजत नाही, दोष कुणाचा?
(वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



लग्न होऊन मी सासरी आले, तेव्हा घरात विहिरीचे पाणी होते. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पाणी जड होई, साबणाला फेस येत नसे. त्या दिवसांत तुरीची डाळ कितीही वेळ शिजवा, दाणा चेपत नसे. सासूबाई म्हणत, “हिच्या हाताला गुणच नाही.” तो ठपका मी बारा वर्षे वाहिला. पुढे मुलीचा अभ्यास घेताना त्याचे खरे कारण मला उमगले.

धान्य, भाजी, फळ सारे बारीक पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीला भिंत असते. भिंतीत सेल्युलोजचे चिवट धागे असतात. आपला वातीचा कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. ते शिजवून विरघळत नाही. पण पेशीला पेशी चिकटवून ठेवते ते पेक्टिन, विटांमधल्या मातीसारखे. उकळत्या पाण्यात पेक्टिन सुटते, पेशी मोकळ्या होतात, आणि आपण म्हणतो, डाळ शिजली!

जड पाण्यात कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश असतो. तो पेक्टिनला जखडून ठेवतो. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी आपण चुन्याच्या निवळीत घालतो आणि मग त्या पाकात मोडत नाहीत, ती हीच करामत. पेठ्यात जो गुण, तोच डाळीत अवगुण! आंबटानेही पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणून चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच घालावे.

कुणी चिमूटभर सोडा घालतात. डाळ मऊ होते खरी, पण तिच्यातले ‘ब-१’ जीवनसत्त्व नासते. त्यापेक्षा पाणी आधी खळखळ उकळावे, निवू द्यावे, बुडाचा पांढरा साका तसाच ठेवून वरचे पाणी घ्यावे. डाळ त्यातच भिजवावी, त्यातच शिजवावी. सगळ्याच विहिरींचे पाणी याने सुधारते असे नाही. पण आमचे सुधारले.

त्या दिवशी सासूबाईंनी वरणाची वाटी पुन्हा पुढे केली. म्हणाल्या, “म्हणजे पाणीच वैरी होतं म्हणायचं!” त्या एवढेच बोलल्या, पण माझी बारा वर्षे भरून निघाली.

भगिनींनो, मागणे एकच. उद्या आपल्या सुनेची डाळ शिजली नाही, तर तिच्या हाताला नाव ठेवण्याआधी हंड्यातले पाणी पाहावे.