ग्रंथपालाची लस

बारावीचा निकाल लागला की ओळखीचे पालक विचारतात, "डॉक्टरकी मिळाली नाही, आता काय करायचं?" मी त्यांना परळच्या हाफकिन संस्थेची पाटी वाचून यायला सांगतो. ते वाचून येतात आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतात.

वाल्डेमार हाफकिन डॉक्टर नव्हते. ओडेसात ते प्राणिशास्त्र शिकले. ज्यू असल्यामुळे तिथे प्राध्यापकी मिळेना, म्हणून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तिथेही जागा मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची! पुस्तकं सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ साली ती आधी स्वतःला टोचून घेतली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. १० जानेवारी १८९७ रोजी लसीचा मोठा डोस त्यांनी स्वतःला टोचला. ताप आला, पण ते तरले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तयार असलेल्या काही कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्ही गटांतले आजारी व मृत मोजले. लस घेतलेल्यांत आजार कमी आढळला. तुरुंगातल्या माणसाच्या 'हो'ला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न आज कुठलीही नैतिकता समिती विचारील, आणि विचारायलाच हवा. पण समोरच्या रोग्याला काय झालंय एवढंच न पाहता, याला झालं आणि शेजाऱ्याला का नाही, हे मोजणं म्हणजेच साथरोगशास्त्र. त्याला प्राणिशास्त्रवाला चालतो, संख्याशास्त्रवाला चालतो, आज संगणकवालाही चालतो.

मात्र हे काम सुखाचं नाही. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच कुपीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना कामावरून दूर केलं गेलं. कुपी उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, ही गोष्ट नोंदींत होती. तरी निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं, तेही रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिल्यावर. एक चिमटा आणि पाच वर्षं! आणि ती १९ घरं? त्यांची नावं मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

हाफकिन पुन्हा भारतात आले, पण कलकत्त्याला. मुंबईतली त्यांची जागा भरली गेली होती. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. तेव्हा ते हयात होते, दूर युरोपात. १९३० साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते वारले.