‘सकाळी बघू’ म्हणू नका
(रौप्यमहोत्सवी सप्ताहातील महिला आरोग्य कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, माझं आयुष्य बँकेत गेलं. तरी बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर बोलायला मी मुद्दाम उभा आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीतली एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात सगळं नीट झालं, बाळ-बाळंतीण घरी आली, पेढे वाटून झाले. नवव्या रात्री दीडच्या सुमारास तिच्या अंगावरून एकदम जास्त जायला लागलं. आईने आमचं दार वाजवलं. “बाळंतपणात जातंच, सकाळी बघू,” असं म्हणणारा मीच होतो. वयाने मोठा म्हणून माझं ऐकलं गेलं. अडीच वाजता पोरगी चक्कर येऊन पडली. खाली गेलो तर आमच्या गाडीपुढे दुसरी गाडी आडवी, तिचा मालक गाढ झोपलेला! दवाखान्यात गर्भपिशवीत राहिलेला वारेचा तुकडा काढला, दोन बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा ती वाचली. घरच्यांच्या परवानगीनेच हे सांगतो आहे. वाया घालवलेला तो एक तास मी विसरू शकत नाही.

नंतर मी या विषयाची माहिती घेतली. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीला मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त पोचत असतं. वार पडल्यावर पिशवी घट्ट आवळली, की रक्तवाहिन्यांची तोंडं बंद होतात. ती आवळली नाही, वारेचा तुकडा आत राहिला किंवा जखम झाली, तर रक्त थांबत नाही. पहिल्या २४ तासांत धोका सर्वांत जास्त, पण पुढे काही आठवड्यांपर्यंतही असा रक्तस्राव होऊ शकतो. आणि तेव्हा बाळंतीण दवाखान्यात नसते, आपल्या घरात असते.

यावर उपाय आहेत. पिशवी आवळण्याचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, पोटावरून पिशवी चोळणं, सलाईन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड मात्र बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत दिलं तरच उपयोगी पडतं, असं २०१७ साली सिद्ध झालं.

आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातलं उदाहरण सांगतो. तिथे २००२ ते २००५ या काळात खेड्यांतल्या १६२० बाळंतिणींचा अभ्यास झाला. नर्सबाईंनी बाळंतपण होताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, त्या बायकांत जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. रक्त अंदाजाने न सांगता मोजता यावं, म्हणून बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली होती. अर्धा लिटर म्हणजे दुधाची एक पिशवी. तेवढं रक्त गेलं तरी डोळ्यांना ते कमीच वाटतं. २०२३ साली आफ्रिकेतल्या चार देशांच्या अभ्यासात असंच मोजमाप करून सगळे उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर प्रसंग ६० टक्क्यांनी घटले.

आणि आपलं जामखेड! डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी गावच्या आरोग्य सेविका केलं. गरोदर बाईवर लक्ष ठेवायचं, धोका ओळखायचा, वेळेत पुढे पाठवायचं, हे त्या शिकल्या. त्यांना जे जमलं ते आपल्यासारख्या शिकलेल्यांना त्या रात्री जमलं नाही.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर, घाम, हातपाय गार पडणं, ताप किंवा घाण वास, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. १०८ ला फोन करा. बाळंतिणीला आडवं निजवा, पाय उंच ठेवा, पांघरूण घाला. एकटीला बाथरूमला पाठवू नका. काढा, चहा काही देऊ नका. फाईल आणि भिजलेले पॅड सोबत घ्या.

गरोदरपणात हिमोग्लोबिन तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या १८० दिवस चुकवू नका. खात्यात शिल्लकच कमी असेल, तर थोडा खर्चही झेपत नाही.

सोसायटीसाठी तीन विनंत्या. दुसऱ्याच्या गाडीपुढे गाडी लावली, तर किल्ली वॉचमनकडे ठेवा. घरात बाळंतीण असेल तर आधीच त्याला सांगून ठेवा, म्हणजे रात्री गेट उघडायला वेळ जाणार नाही. आणि ऑफिसमधल्या वहीत आपला रक्तगट व फोन नंबर लिहा. रक्तदानाला वयाची मर्यादा ६५, त्यामुळे माझं आता घेत नाहीत. पण १८ च्या पुढची आपली मुलं-मुली आहेत ना!

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी बांधली, रस्ता केला, झाडं लावली. आता ही वही भरू या. आणि रात्री कुणी दार वाजवलं, तर माझ्यासारखं ‘सकाळी बघू’ म्हणू नका.